सहा घरं, पाच भिंती

घराचा सांगाडा उभा राहिला त्या शनिवारी मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे सकाळचे नऊ, पुण्यात संध्याकाळचे साडेसहा. नॉर्थ कॅरोलिनात, रॅलेच्या पश्चिमेला, तांबड्या चिकणमातीच्या एका उतारावर एकमेकांना चिकटलेल्या सहा टाउनहोमांची ओळ उभी राहत होती आणि तिच्यातलं तिसरं घर आमचं होतं. फोन हळूहळू फिरवत मी सगळं दाखवत होते. हा जिना, ही स्वयंपाकघराची जागा, इथे तुमची खोली. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर मुरूम, खडी आणि काँक्रीट यांत वावरलेले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"सगळं लाकूडच आहे की गं," मग म्हणाले.

"हो बाबा, इथे असंच बांधतात. पाइनचं लाकूड."

"ते असू दे. आपले वाडेही लाकडावरच उभे होते. पण शेजारचं घरही लाकडाचंच ना? मग दोन घरांच्या मधे काय आहे?"

मला सांगता येईना. त्या घरासाठी आम्ही टाइल निवडली होती, ओट्याचा दगड निवडला होता, कर्जाच्या व्याजदरावर रात्र रात्र बोललो होतो. पण आमची झोपायची खोली आणि शेजाऱ्यांची शेगडी यांच्या मधे काय उभं राहणार आहे, हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. बाबा रागावले नाहीत. त्यांनी शनिवारवाड्याची आठवण काढली. १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेली आग सात दिवस जळत राहिली. तट उरले, दरवाजे उरले, जोती उरली, आतले लाकडी महाल गेले. "आग आडवी पळते," ते म्हणाले, "आणि आढ्याकडून पळते. मधली भिंत छपराला भिडलीय का, तेवढं बघून घे."

पुढचे तीन महिने मी तेच बघत होते. टाउनहोम बांधून घेणारी आपली पुष्कळ मंडळी इथे आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

साइटवरच्या मॅनेजरला मी ईमेल केली. उत्तर आलं, फायरवॉल आहे, काळजी करू नका. एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचा नवरा आर्किटेक्ट आहे. त्याने सांगितलं, "फायरवॉल आहे का असं विचारू नकोस. यूएल डिझाइन नंबर माग." हा एक शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. इथली आग अडवणारी भिंत म्हणजे नुसती जाडजूड भिंत नव्हे. ती एक ठरावीक जोडणी असते. कोणता तक्ता, किती जाड, किती थर, कोणते खिळे, किती अंतरावर, हे सगळं ठरवून ती प्रयोगशाळेच्या भट्टीत जाळून पाहिलेली असते. १८९४ साली शिकागोत सुरू झालेली अंडररायटर्स लॅबोरेटरीज ही संस्था अशा जोडण्यांना नंबर देते. दुसऱ्या ईमेलला मॅनेजरने मंजूर नकाशाचं पानच पाठवलं. आमच्या भिंतीचा नंबर होता यू-३३६. दोन तासांची भिंत.

या दोन तासांचा अर्थ मला आधी चुकीचा वाटला होता. शेजारी आग लागली की आपल्याला घड्याळ लावून दोन तास मिळतात, असं ते नाही. चाचणीत भट्टीचं तापमान ठरल्या वेळापत्रकाने चढवतात. पाचव्या मिनिटाला ५३८ अंश सेल्सिअस, तासाभराने ९२७, दोन तासांनी १०१०. तोपर्यंत भिंतीच्या पलीकडच्या अंगाचं सरासरी तापमान सुरुवातीपेक्षा १३९ अंशांहून जास्त चढता कामा नये आणि ज्वाळा आरपार येता कामा नये. शिवाय तापलेल्या नमुन्यावर बंबाच्या पाइपाने पाण्याचा झोत मारतात, तोही भिंतीने सोसायला हवा. या चाचणीचं मानक पहिल्यांदा १९१८ साली ठरलं. खरी आग वेळापत्रक पाळत नाही. कधी ती मंद असते, कधी भट्टीपेक्षाही उग्र. पण दोन भिंतींची तुलना करायला ही मोजपट्टी सगळ्यांना एकच आहे.

आणि ही भिंत का हवी, हे कायद्यात फार स्पष्ट आहे. तीन किंवा अधिक घरं एकमेकांना चिकटून असतील आणि प्रत्येक घर पायापासून छपरापर्यंत स्वतःचं असेल, तर त्यातलं प्रत्येक घर ही वेगळी इमारत धरतात. जमिनीची हद्द भिंतीच्या पोटातूनच जाते. घरांत स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणारे नळ, असतील तर मधल्या सामाईक भिंतीला एक तास पुरतो. आमच्या घरांत ते नव्हते, म्हणून दोन तास. आणि ही भिंत पायापासून छपराच्या फळ्यांच्या खालच्या अंगापर्यंत अखंड हवी. बाबांनी सातासमुद्रापलीकडून नेमकं तेच विचारलं होतं.

आता ती भिंत दिसते कशी ते सांगते, कारण घर पूर्ण झाल्यावर ती कुणालाच दिसत नाही. एक इंच जाडीचे, दोन फूट रुंदीचे जिप्समचे तक्ते. त्यांना शाफ्टलायनर म्हणतात. दोन तक्ते पाठीला पाठ लावून उभे करायचे आणि त्यांच्या कडा इंग्रजी एच अक्षराच्या आकाराच्या पत्र्याच्या खांबांत सरकवायच्या. असे खांब दर दोन फुटांवर. झाली दोन इंच जाडीची भिंत. तिच्या दोन्ही बाजूंना किमान पाऊण इंच मोकळी जागा, आणि मग त्या त्या घराचे स्टड (सांगाड्याचे उभे लाकडी खांब). म्हणजे आमच्या खोलीतल्या भिंतीला हात लावला तर हाताला लागतो तो साधा ड्रायवॉल, आतून लावलेला जिप्समचा तक्ता, त्याच्यामागे आमचे स्टड, मग हवा, मग ही भिंत, मग पुन्हा हवा आणि शेजाऱ्यांचे स्टड.

आग अडवते ती जिप्समच्या पोटातल्या पाण्याच्या जोरावर. शुद्ध जिप्समच्या वजनातला सुमारे २१ टक्के भाग हे स्फटिकात बांधलेलं पाणी असतं. तक्ता तापला की ते पाणी वाफ होऊन निघू लागतं आणि ते संपेपर्यंत मागचा भाग फारसा तापत नाही. दहा फुटी एक तक्ता साधारण ८० पौंडांचा, म्हणजे त्यात सातेक लिटर पाणी. हा हिशोब मांडला तेव्हा मला फार बरं वाटलं. प्रत्येक तक्ता म्हणजे अर्धी बादली पाणी उभं करून ठेवलेलं.

पण मला या भिंतीत सगळ्यात भावली ती क्लिप. दोन इंच जाडीची, तीन मजले उंच भिंत नुसती उभी राहू शकत नाही. तिला दोन्ही घरांच्या लाकडाशी धरून ठेवावं लागतं. त्यासाठी तळहातात मावेल एवढी, काटकोनात वाकवलेली पट्टी वापरतात, आणि ती मुद्दाम अ‍ॅल्युमिनियमची असते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. एक घर पेटलं की त्या बाजूच्या क्लिपा मऊ पडून सुटतात. पेटलेला सांगाडा कोसळतो तो एकटाच, भिंतीला आपल्याबरोबर ओढत नाही. भिंत उभी राहते ती न पेटलेल्या घराच्या क्लिपांवर. आमचं घर जळत असेल तर शेजाऱ्यांचं घर ही भिंत धरून ठेवणार, त्यांचं जळत असेल तर आमचं. हे ज्याने पहिल्यांदा शोधून काढलं त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

भिंतीचं काम करणाऱ्या टोळीतल्या एका मेक्सिकन कामगाराने मला हे समजावून सांगितलं. त्याचं इंग्रजी आणि माझं स्पॅनिश दोन्ही अपुरं. त्याने तक्त्याच्या तुकड्यावर पेन्सिलीने दोन घरं काढली, मधे भिंत, क्लिपा. एका घरावर ज्वाळा काढल्या, त्या बाजूच्या क्लिपांवर फुल्या मारल्या आणि ते घर हाताने आडवं पडल्याचं दाखवलं. तो तुकडा मी मागून घेतला. अजून माझ्याकडे आहे.

जूनमध्ये प्री-ड्रायवॉलची वेळ आली. वायरिंग, प्लंबिंग, एसीचे डक्ट सगळं झालेलं असतं आणि भिंती अजून उघड्या असतात, असे ते सात-आठ दिवस. घराच्या पोटात बघायची संधी एवढीच. एकदा ड्रायवॉल चढला की मागचं सगळं कायमचं झाकलं जातं. बिल्डर स्वतः एक फेरी मारून दाखवतो, पण तेवढ्यावर थांबू नये. आम्ही ४५० डॉलर देऊन आमचा स्वतंत्र इन्स्पेक्टर आणला. नवऱ्याला आधी हा खर्च जास्त वाटत होता. शिडीवरून पोटमाळ्यात चढलेला इन्स्पेक्टर पहिल्या दहा मिनिटांत आम्हाला हाक मारू लागला, तेव्हा तो विषय संपला.

पोटमाळ्यात भिंत उघडीच असते, लपवायला काही नसतं. टॉर्च वर धरला तर दोन आणि तीन नंबरच्या घरांमधली भिंत छपराच्या फळ्यांपासून चार बोटं खालीच थांबलेली. सात-आठ फूट लांबीची फट. मी शिडीवरून हात घातला तर हात पलीकडे, दुसऱ्या घराच्या पोटमाळ्यात गेला. बाबांचं वाक्य कानात वाजलं. खाली तीन मजले चोख बांधलेली भिंत, आणि जिथे आग सगळ्यात आधी पोचते तिथे हात जाईल एवढी वाट.

मग एकेक निघत गेलं. जिन्याच्या बाजूला, पाऊण इंच हवा असायला हवी तिथे लाकडाचे तुकडे पाचर मारल्यासारखे अडकवलेले. स्टड सरळ रेषेत आणायला फ्रेमिंगवाल्यांनी, म्हणजे लाकडी सांगाडा उभा करणाऱ्यांनी, ते ठोकले होते. मजल्याच्या पातळीला त्या पोकळीत आग वर चढू नये म्हणून खनिज लोकर भरायची असते. ती एका ठिकाणी होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती. तीन आणि चारच्या मधल्या भिंतीला मुठीएवढं भोक होतं, आणि ते नारिंगी फोमने बुजवलं होतं. या फोमवर आगीचं नाव छापलेलं असतं, म्हणून पुष्कळ जणांची फसगत होते. साध्या लाकडी भिंतीतल्या फटींसाठी तो चालतो. दोन तासांच्या भिंतीला पडलेलं भोक बुजवायचं तर त्या भिंतीसाठी जाळून पाहिलेलीच दुरुस्ती लागते, नाहीतर तक्ता बदलावा लागतो.

क्लिपा मोजायचं काम मी घेतलं. इन्स्पेक्टर म्हणाला, "घरात लोहचुंबक आहे का?" दुसऱ्या दिवशी मी भाड्याच्या घरातल्या फ्रिजवरचं चुंबक घेऊन गेले. अष्टविनायकाच्या सहलीत घेतलेलं, मोरगावचं. खांबांना ते खटकन चिकटे, कारण ते पोलादी पत्र्याचे. क्लिपांवरून घसरून पडायला हवं, आणि पडत होतं. पोटमाळ्यात दोन ठिकाणी क्लिपच नव्हती. आणि एका ठिकाणी चुंबक चिकटलं. तिथे क्लिपेऐवजी पोलादी कोन स्क्रूने आवळला होता. दिसायला तो जास्त भक्कम दिसत होता. पण तो सुटला नसता. छपराच्या लाकडी कैच्या (ट्रस) कोसळताना त्याने भिंतीला आपल्याबरोबर ओढलं असतं.

छपराचं एक राहिलं. जुन्या पद्धतीत ही भिंत छपराच्या वर अडीच फूट काढत, कठड्यासारखी. आता तो कठडा टाळता येतो, पण अटी आहेत. भिंतीच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट छपराच्या फळ्या आगरोधक प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या हव्यात, नाहीतर फळ्यांच्या खाली ५/८ इंची टाइप एक्स, म्हणजे आग जास्त वेळ सोसणारा, जिप्सम हवा. आणि त्या चार फुटांत छपराला भोक नको. प्लायवुडचा तक्ता चार फूट रुंदच असतो, त्यामुळे भिंतीला लागून एक रांग बसवली की झालं. आगरोधक तक्त्यांवर शिक्का असतो. आम्ही टॉर्च मारून शिक्के मोजले, सगळे जागेवर होते. पण आमच्या वरच्या बाथरूमचा व्हेंट पाइप भिंतीपासून अडीच फुटांवर छप्पर फोडून बाहेर गेला होता.

अहवाल १४ पानांचा झाला, फोटोंसकट. बिल्डरच्या माणसाचं पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं. गावाच्या इन्स्पेक्शनमध्ये फ्रेमिंग पास झालंय, सोमवारी ड्रायवॉल सुरू होणार. शुक्रवारची दुपार होती. मी गावाच्या इन्स्पेक्शन खात्याला फोन केला. आवाज चढवला नाही, तक्रारही केली नाही. मंजूर नकाशाच्या कोणत्या पानावर काय लिहिलंय आणि जागेवर काय आहे, एवढंच सांगितलं आणि सहा फोटो पाठवले. हे मी कळकळीने सांगते, की बांधकामाच्या बाबतीत "मला भीती वाटते" या वाक्याचा उपयोग होत नाही. "नकाशात अमुक, जागेवर तमुक" याचा होतो.

सोमवारी सकाळी खात्याचे इन्स्पेक्टर आले. साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. शिडी चढून पोटमाळ्यात गेले, फटीत हात घातला आणि काही क्षण तसेच थांबले. खाली उतरून मॅनेजरला म्हणाले, ड्रायवॉल थांबवा. आधीच्या तपासणीच्या वेळी वरचा भाग अर्धवट होता, तो पुन्हा पाहायला हवा होता, हेही त्यांनी आमच्यासमोर मान्य केलं. त्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. अशा ओळी त्यांच्या वाट्याला आठवड्याला किती येत असतील.

कामगारांबद्दलही नाही. जवळून पाहिल्यावर मला पटलं की यातली बहुतेक भोकं कुणाच्या आळसाची नसतात. फ्रेमिंगवाले एक टोळी, शाफ्टलायनरवाले दुसरी, प्लंबर तिसरा, एसीवाले, इलेक्ट्रिशियन, छप्परवाले. प्रत्येक जण आपलं काम नीट करून जातो. प्लंबरच्या दृष्टीने त्याचा पाइप अगदी बरोबर होता. भिंत मात्र या सगळ्यांच्या कामाच्या मधे पडते, आणि सगळे निघून गेल्यावर ती पायापासून छपरापर्यंत एकसलग आहे का हे बघणारा त्या टोळ्यांत कुणीच नसतो. हा दोष व्यवस्थेचा आहे, आणि तो घर घेणाऱ्याने ओळखून राहायला हवा.

दुरुस्तीला नऊ दिवस लागले. फट मोजून, तक्त्याच्या पट्ट्या कापून त्या छपराला घट्ट भिडवल्या आणि कडेने आगरोधक सीलंट भरलं. फोमचा तक्ता काढून नवा बसवला. लाकडाच्या पाचरी काढताना दोन स्टड थोडे हलले, ते पुन्हा बसवावे लागले. पोलादी कोन निघाला, क्लिपा आल्या. प्लंबरने व्हेंट पाइप पोटमाळ्यात तिरपा वळवून भिंतीपासून पाच फुटांवर वर काढला आणि जुन्या भोकाच्या जागी छपरावर नवा आगरोधक तक्ता आला. मी रोज ऑफिस सुटल्यावर जाऊन फोटो काढत होते. चार नंबरचं घर घेणारं तेलुगू जोडपं एका संध्याकाळी आलं. त्यांना वाटलं होतं की आमच्यामुळे त्यांचं क्लोजिंग, म्हणजे घर ताब्यात येणं, लांबलं. मी त्यांना वर नेलं, जिथून हात आरपार गेला होता ती दुसरी भिंत दाखवली आणि मग त्यांच्या-आमच्या मधल्या भोकाची जागा दाखवली. ती म्हणाली, "अक्का, आमच्या बाजूचंही मोजूया का?" आणि आम्ही दोघींनी मोरगावच्या चुंबकाने त्यांच्याही क्लिपा तपासल्या.

या काळात मी २००७ च्या आगीबद्दल वाचलं. रॅलेतच, पाइन नोल टाउन्स नावाच्या वस्तीत २२ फेब्रुवारीला लागलेली आग ३८ टाउनहोमांपर्यंत पोचली. ते वाचल्यावर माझं लक्ष भिंतीवरून वळचणीकडे गेलं. आग घराच्या बाहेरून, व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, साइडिंगवरून (भिंतीच्या बाहेरच्या आवरणावरून) चढली तर वळचणीला खालून झाकणारा व्हिनाइलचा सॉफिट वितळून खाली येतो आणि ज्वाळा थेट पोटमाळ्यात शिरते. मधली भिंत कितीही उत्तम असली तरी तिला वळसा घालून पुढच्या घरात जाते. नॉर्थ कॅरोलिनाच्या कोडमध्ये यासाठी वेगळं कलम आहे. हद्दीपासून दहा फुटांच्या आतल्या वळचणीला नुसतं व्हिनाइल चालत नाही. त्याच्यामागे आगरोधक लाकूड, पाऊण इंचाच्या आसपासचा लाकडी तक्ता किंवा ५/८ इंची जिप्सम लागतो, आणि हवेसाठीची फटही मोजून ठेवावी लागते. आमच्याकडे तो तक्ता होता. मी शिडीवर चढून बघितला.

ज्यांची टाउनहोम जुनी आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. सगळ्या मधल्या भिंती शाफ्टलायनरच्या नसतात. काही ठिकाणी दोन घरांच्या मधे एकच लाकडी स्टडांची भिंत असते आणि तिच्या दोन्ही अंगांना टाइप एक्स ड्रायवॉलचे थर. अशा ठिकाणी तुमच्या खोलीत दिसणारा ड्रायवॉल हाच आग अडवणारा भाग असतो. आमच्याकडे टीव्हीसाठी भिंतीत विजेची पेटी बसवली तर काही बिघडत नाही, कारण खरी भिंत तिच्या मागे, पोकळीच्या पलीकडे आहे. तुमच्याकडे तसं नसेल तर प्रत्येक पेटीला नियम आहेत. पोलादी पेटी १६ चौरस इंचांपेक्षा मोठी नको, आणि दोन्ही घरांच्या पेट्या पाठीला पाठ लावून नकोत, त्यांच्यात २४ इंच अंतर हवं. नाहीतर पेटीला आगरोधक पुट्टी लावावी लागते. ड्रिल हातात घेण्याआधी आपली भिंत कोणत्या जातीची आहे ते शोधा.

ड्रायवॉल चढला, रंग झाला, सप्टेंबरात आम्ही राहायला गेलो. दिवाळीनंतर बाबा आले. आल्या आल्या भिंतीवर टकटक करून पाहिली, पोकळ आवाज आला तसे माझ्याकडे बघू लागले. मी लॅपटॉप उघडून २१४ फोटो दाखवले. त्यांनी एकही फोटो सोडला नाही. छपराला भिडलेल्या पट्टीच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, "आणि बाकीच्या भिंती?"

सहा घरांच्या ओळीत पाच भिंती. आमच्या दोन झाल्या होत्या. चार-पाच आणि पाच-सहा यांच्या मधल्या भिंती इन्स्पेक्टरांनी त्याच आठवड्यात पाहून घेतल्या होत्या, तिथे अजून काम चालू होतं. राहिली होती पहिली. एक आणि दोन नंबरच्या घरांत तेव्हाच ड्रायवॉल लागून रंगसुद्धा झाला होता. खालचे मजले आता दिसणार नव्हते, पण पोटमाळा दिसू शकत होता.

एक नंबरमध्ये एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. मी दोन चिठ्ठ्या त्यांच्या दारात ठेवल्या, उत्तर आलं नाही. तिसऱ्या वेळी बाबा माझ्याबरोबर आले, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन. बाईंनी दार उघडलं, बाबांशी बागेतल्या क्रेप मर्टलच्या झाडाबद्दल दहा मिनिटं बोलल्या, आणि मग शिडी लावू दिली. मी वर गेले. टॉर्च भिंतीच्या कडेने छपराच्या फळ्यांजवळ नेला. मागच्या बाजूला फट होती. आमच्यापेक्षा लहान, दोन बोटांची, पण चार फूट लांब.

बिल्डरच्या वॉरंटी विभागाला आम्ही तिघांच्या सह्यांनी पत्र दिलं, एक, दोन आणि तीन नंबरच्या घरांनी. जानेवारीत दोन माणसं आली आणि अर्ध्या दिवसात ती फट बंद झाली. बाबा तेव्हा इथेच होते. शिडीचे पाय धरून ते खाली उभे राहिले आणि मी वरून सांगत गेले, इथे भिडली, इथेही भिडली, आता शेवटचा कोपरा.